काटा उतरला तेव्हा

आमच्या मोहल्ल्यात रॅली हा शब्द एकाच अर्थाने ठाऊक होता. २००४ साली आम्ही "रविवारी रॅलीला जायचंय" असे म्हटले, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या पहिल्या माणसाने विचारले, "कुठल्या पार्टीची?" दुसऱ्याने विचारले, "जेवण देणार आहेत का?" मोटारींचीही रॅली असते, तिच्यात झेंडे नसतात, घोषणा नसतात आणि जाणाऱ्याला काही मिळण्याऐवजी त्यालाच प्रवेशफी भरावी लागते, हे समजावून सांगताना आमची पुरेवाट झाली. शेवटचा मुद्दा तर कुणालाच पटला नाही. अम्मीलाही नाही.

आम्ही म्हणजे दोघे सख्खे भाऊ. थोरला गाडी चालवतो, धाकटा शेजारी बसून वाट सांगतो. हा लेखही दोघांनी मिळून लिहिला आहे. एक बोलतो, दुसरा उतरवून घेतो आणि मध्येच दोघे भांडतात. म्हणून 'आम्ही'.

अब्बांचे गॅरेज नाशिकला वडाळा नाक्यावर होते. अब्बा मूळचे ट्रकचे मिस्त्री. इंजिनात काय बिघडले आहे हे ते कानाने ओळखायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि थोड्या वेळाने सांगायचे, दोन नंबरचा टॅपेट ढिला आहे. डॉक्टर छातीला नळी लावतो तसेच ते. लहानपणी आम्हीही स्क्रूड्रायव्हर कानाला लावून पाहिला होता. आम्हाला फक्त कडकडाट ऐकू आला.

एका गिऱ्हाइकाची जुनी मारुती ८०० गॅरेजमध्ये दुरुस्तीला आली ती परत गेलीच नाही. मालकाने ती आम्हालाच स्वस्तात देऊन टाकली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, हलकी अंगकाठी. रॅलीच्या हौशी लोकांना अशीच गाडी परवडते. नाशिकला या खेळाची हवा होतीच. 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही राष्ट्रीय दर्जाची स्पर्धा आमच्याच भागातल्या मातीच्या रस्त्यांवर भरत असे आणि आम्ही ती लहानपणापासून शेताच्या बांधावर उभे राहून, धूळ खात पाहिलेली.

आमच्या गाडीचा डॅशबोर्ड मात्र आम्हाला फार दरिद्री वाटायचा. वेगाचा काटा, पेट्रोलचा काटा, पाण्याच्या तापमानाचा काटा आणि दोन-चार दिवे. इंजिन किती फेरे घेते हे सांगणारा आरपीएम मीटर नाही. ऑइलच्या दाबाला काटा नाही, नुसता एक लाल दिवा. इंग्रजी मासिकांतल्या फोटोंत रॅलीच्या गाड्यांचे डॅशबोर्ड विमानासारखे दिसायचे. म्हणून एका सकाळी पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात दिवसभर फिरून आरपीएम मीटर, ऑइल प्रेशरचा मीटर, ऑइलच्या तापमानाचा मीटर, अँपिअर मीटर आणि व्हॅक्यूमचा मीटर असा ऐवज घेऊन आलो. व्हॅक्यूमच्या मीटरचे रॅलीत काय काम, हे आम्ही विचारलेही नाही. त्याची काच शाबूत होती म्हणून घेतला. अंतर मोजायला सायकलचा मीटर लावला, चाकाला लोहचुंबक चिकटवून. परदेशी ट्रिपमीटर घेण्याची ऐपत नसलेले बरेच हौशी लोक हीच युक्ती करत. सगळे बसवून झाल्यावर मोजले तर काचेच्या खाली नऊ तबकड्या.

अब्बा हात पुसत आले, ड्रायव्हरच्या सीटवर बसले, एकेक तबकडीवर बोट ठेवून पाहिले आणि म्हणाले, "इत्ते काटे देखेंगा, तो रस्ता कौन देखेंगा?"

आम्ही म्हणालो, "अब्बा, रेसवाले लावतात."

ते काही न बोलता उतरून गेले.

पहिली रॅली वेळ-वेग-अंतराची होती. या प्रकारात सगळ्यांत जोरात जाणारा जिंकत नाही. कुठल्या टप्प्यात सरासरी किती वेग ठेवायचा ते आयोजक लिहून देतात आणि वाटेत कुठेतरी लपून तुमची वेळ टिपतात. उशीर झाला तरी दंड आणि लवकर पोहोचलात तरी दंड. नेव्हिगेटरच्या मांडीवर रोडबुक असते. त्यात प्रत्येक वळणाचे छोटे चित्र असते. खाली टिंब, वर बाण. या चित्रांना ट्यूलिप म्हणतात, हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीवरून. धाकट्याला हे काम पहिल्या दिवसापासून आवडले. गाडी जिंकली की नाव चालकाचे होते, शेजारी बसणाऱ्याला कुणी विचारत नाही, अशी तक्रार तो अजूनही करतो. मग आम्ही त्याला कासारगोडच्या मूसा शरीफ यांचे नाव सांगतो. गौरव गिल यांच्यासारख्या चालकाच्या शेजारी बसून या नेव्हिगेटरने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आहेत.

तर त्या दिवशी त्र्यंबकच्या पुढे आम्ही एक वळण चुकलो आणि चार मिनिटे घालवली. ती भरून काढायची म्हणून गावच्या अरुंद रस्त्यावर थोरल्याने वेग वाढवला. ताशी बहात्तर असावा. बहात्तर म्हणजे सेकंदाला बरोबर वीस मीटर. ऑइल प्रेशरचा काटा थरथरत होता. तो थरथरताना पाहून थोरल्याची नजर खाली गेली. नजर खाली नेणे, नऊ तबकड्यांतून नेमकी ती शोधणे, काटा कुठे आहे ते वाचणे, तिथे असावा की नाही याचा विचार करणे आणि पुन्हा वर पाहणे. दोन सेकंद तरी गेले असतील. म्हणजे चाळीस मीटर गाडी कुणीच चालवत नव्हते.

वर पाहिले तर समोर शेळ्या. शेळ्यांच्या मागे आठ-नऊ वर्षांचा मुलगा, हातात काठी.

गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि मुलगा यांच्यात एक हाताचे अंतर होते. तो रडला नाही, पळाला नाही. आमच्याकडे पाहत राहिला आणि मग इकडेतिकडे उधळलेल्या शेळ्या गोळा करायला गेला. आम्ही गाडीतच बसून होतो. कुणी कुणाशी बोलले नाही. धाकट्याच्या हातातले स्टॉपवॉच चालूच होते.

नंतर गॅरेजमध्ये कळले की इंजिनाला काहीही झालेले नव्हते. मीटर स्वस्तातला, नळीतून थेट तेल आणणारा. पंपाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर त्याचा काटा हलणारच. खरी गोष्ट सांगायची तर तो काटा आम्हाला काहीच सांगत नव्हता, फक्त हलत होता. आणि हलणाऱ्या वस्तूकडे डोळा जातोच, त्यात डोळ्याचा दोष नाही.

त्या दिवसापासून आम्ही डॅशबोर्डकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. जुने रेसवाले एक साधी गोष्ट करत. मीटर डॅशबोर्डवर बसवताना ते फिरवून, तिरके बसवत. सगळे ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर, घड्याळातल्या बाराकडे रोखलेला राहील असे. आकडे उलटेसुलटे झाले तरी चालतील, ते वाचायचेच नसतात. सगळे काटे उभे असले की नजरेच्या कडेने कळते. एखादा आडवा झाला तर तेवढाच खटकतो. नमाजाच्या सफेत एकजण पुढे-मागे उभा राहिला तर मान न वळवता कळते ना, तसे. स्वीडनची साब ही कंपनी विमानेही बनवायची आणि रॅलीतही गाजलेली होती. तिच्या मोटारींत १९९० च्या दशकात एक बटण आले. रात्री ते दाबले की वेगाच्या तबकडीखेरीज सगळी तबकडी अंधारात जायची. काही बिघडले तर त्या त्या मीटरचा उजेड आपोआप लागायचा. साबच्या मोटारी आता बनत नाहीत. एअरबसच्या विमानातही सगळे ठीक असताना वैमानिकाच्या डोक्यावरचे बटणांचे दिवे विझलेले असतात. अब्बांनी यातले काही वाचलेले नव्हते.

आज तर घरातल्या पोरांच्या गाडीत डॅशबोर्डच्या जागी एक मोठा पडदाच आला आहे. गार हवा कमी करायची तरी त्या पडद्यावर बोटाने चाचपावे लागते. शिवाय थोरल्याला आता चाळिशीचा चष्मा आहे. रस्ता पाहायला चष्मा नको, काटा पाहायला हवा. दूर पाहणारा डोळा जवळ आणायला वेळ लागतो आणि वय वाढते तसा तो वाढत जातो, हे त्या दिवसांत आम्हाला कुणी सांगितले असते तर हसलो असतो.

२००५ मध्ये आम्ही खऱ्या वेगाच्या रॅलीत उतरलो. बंद रस्ता, डोक्याला हेल्मेट, गाडीत पाइपांचा पिंजरा, आणि घड्याळाशी शर्यत. नऊ तबकड्यांपैकी सहा काढून टाकल्या होत्या. आरपीएम मीटर आणि ऑइलचा मीटर थोरल्यासमोर, दोन्ही काटे बाराकडे. वेगाच्या मीटरवर आम्ही काळी टेप चिकटवली. रॅलीत वेग किती हे चालकाला वळणावरून कळते, आकड्यावरून नाही. पाण्याच्या तापमानाचा वेगळा मीटर धाकट्याच्या बाजूला बसवला. वाटणी ठरली: एकाने रस्ता पाहायचा, दुसऱ्याने वही आणि काटा. आपण फार शहाणे झालो असे आम्हाला वाटत होते.

हेल्मेटबद्दल एक सांगायला हवे. त्यात एकमेकांचे बोलणे ऐकू यावे म्हणून इंटरकॉम असतो आणि कान बंद झालेले असतात. अब्बांची सगळी विद्या कानात होती. आमचे कानच आम्ही झाकून बसलो होतो.

तिसऱ्या टप्प्यात मोठा चढ होता. पाण्याचा काटा बाराच्या पुढे सरकू लागला. धाकटा म्हणाला, "चढतोय." थोरल्याने पाय थोडा सैल केला. आणखी चढला. मग एका वळणानंतर काटा खाली यायला लागला. बारावर आला, बाराच्याही खाली गेला. धाकटा आनंदाने ओरडला, "उतरला!" थोरल्याने पुन्हा पाय दाबला.

दोन किलोमीटर पुढे इंजिनाची ताकद गेली. मग वास आला, जळलेल्या रंगासारखा. मग खट् खट् आणि इंजिन जाम.

अब्बांनी बोनेट उघडून रेडिएटरच्या खालच्या होज पाइपाकडे बोट दाखवले. क्लॅम्प ढिला होऊन पाइप निसटला होता आणि सगळे पाणी वाटेत सांडले होते. मग काटा खाली का आला? अब्बांनी समजावले ते आजही विसरलेलो नाही. तापमान मोजणारी नळी पाण्यात बुडलेली असते, ती पाण्याचे तापमान सांगते, इंजिनाचे नाही. पाणीच संपले की ती हवेत लोंबकळते आणि काटा उतरतो. धातू तिकडे जळत असतो. रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते म्हणून बंद यंत्रणेत पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही. पण पाइप सुटला की दाब गेला, दाब गेला की उकळी फुटली, आणि उरलेले पाणी वाफ होऊन गेले. काटा उतरला तीच घंटा होती. आम्ही तिला खुशखबर समजलो.

हेड वाकले होते, गॅस्केट उडाले होते, दोन पिस्टन गेले होते. अब्बांनी गॅरेजच्या नव्या कॉम्प्रेसरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

बोललो ते आम्ही. "क्लॅम्प तूने कसा था." "मैं? मैं समझा तूने कसा." "काटा कौन देख रहा था?" "गाडी कौन चला रहा था?" हे गॅरेजमध्ये सुरू झाले आणि घरी दस्तरखानावर येऊन संपले. मग आठ दिवस आमच्यात बोलणे नव्हते. निरोप अम्मीमार्फत जायचे. एक गॅरेजच्या पुढच्या दाराने यायचा, दुसरा मागच्या. त्या आठ दिवसांत 'आम्ही' नव्हतोच.

नवव्या दिवशी अब्बांनी दोघांना हाक मारली. थोरल्याच्या हातात पाना दिला, धाकट्याला सांगितले, "ये कसेंगा, तू हात लगा के देखेंगा." मग पुढच्या क्लॅम्पला उलट: धाकट्याने कसायचा, थोरल्याने हात लावून पाहायचा. गाडीतले सगळे क्लॅम्प आम्ही असे कसले. संपेपर्यंत मगरिब झाली. बोलणे मध्येच कधी सुरू झाले ते आठवत नाही.

२००६ ची एक गोष्ट सांगू की नको, यावर आमचे एकमत नाही. थोरला म्हणतो सोड, धाकटा म्हणतो लिही. मालेगावच्या सप्टेंबरातल्या स्फोटांनंतरचे दिवस होते. रात्रीच्या सरावाहून परतताना नाकाबंदीवर आम्हाला थांबवले. हवालदाराने लायसन्स पाहिले, नाव वाचले, मग बॅटरीचा झोत डॅशबोर्डवर टाकला. काढलेल्या मीटरांच्या मोकळ्या वायरी, सायकलचा मीटर, दोन स्टॉपवॉच, मांडीवर हाताने काढलेला नकाशा. "एवढ्या वायरी कशाला?" आम्ही रॅली म्हणालो. त्यांनीही विचारले, "कुठल्या पार्टीची?" टपरीवर याच प्रश्नाला आम्ही हसलो होतो. त्या रात्री दीड तास रस्त्याच्या कडेला उभे होतो. शेवटी एका अधिकाऱ्याने स्पर्धेचे ओळखपत्र नीट वाचले आणि सोडले; उद्धट कुणी बोलले नाही, तेही नोंदवले पाहिजे. दुसऱ्या दिवशी अब्बांनी न विचारता सगळ्या मोकळ्या वायरी काढल्या, उरलेल्या एका पाइपात ओवल्या आणि मीटरांच्या रिकाम्या भोकांवर अॅल्युमिनियमचा पत्रा बसवला.

त्या पत्र्यावर अब्बांनी दोन लाल दिवे लावले, ट्रकच्या मागे असतात तसे, लिंबाएवढे. एक ऑइलचा. कारखान्याचा दिवा दाब जवळजवळ संपल्यावर लागतो, तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून त्यांनी जास्त दाबावरच पेटणारा स्विच शोधून आणला. दुसरा पाण्याचा, पण तापमानाचा नव्हे. रेडिएटरच्या वरच्या टाकीत प्लास्टिकच्या बुचातून पितळी स्क्रू सोडला. पाणी त्याला टेकलेले असेल तोवर त्यातून वीज जाते. पाणी खाली गेले की ती तुटते आणि दिवा लागतो. त्यासाठी लागणारा ट्रान्झिस्टरचा छोटा जोड शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी चहाच्या बदल्यात करून दिला. पाण्याचा काटा आम्ही हट्टाने ठेवला होता, तो अब्बांनी काढला नाही. दिवे मात्र थोरल्यासमोर न बसवता दोघांच्या मधोमध बसवले.

२००७ च्या जानेवारीत त्या दिव्यांसह पहिल्यांदा उतरलो. बिस्मिल्ला म्हणून निघालो. दोन टप्पे दिवे दिसलेसुद्धा नाहीत. अंधारातल्या दोन काळ्या काचा. तिसऱ्या टप्प्यात, सहाव्या किलोमीटरला, धाकटा पुढच्या वळणाचे वाचत असताना त्याच्या वहीवर लाल उजेड पडला.

"दिवा!"

"कौनसा?"

"पानी का."

काटा बारावर होता. अगदी सरळ, देखणा. थोरला म्हणाला, "काटा तो बराबर है." मागच्या वेळी आमच्या मागे होती त्याच गाडीची वेळ या टप्प्यात आम्ही मारत होतो.

"बंद कर," धाकटा म्हणाला.

थोरल्याने चावी फिरवली. इंजिनाचा आवाज गेला आणि गाडी उताराने घरंगळत एका बाभळीखाली जाऊन थांबली. धाकट्याने पळत मागे जाऊन लाल त्रिकोण ठेवला आणि येणाऱ्या गाड्यांना 'ओके' लिहिलेला कागद दाखवत उभा राहिला. थोरल्याने बोनेट उघडले. रेडिएटरच्या जाळीत हरभऱ्याएवढा दगड घुसला होता आणि त्याच्या बाजूने पाण्याची बारीक धार लागली होती. सगळे क्लॅम्प जागच्या जागी होते. तेच आम्ही दोघांनी आधी पाहिले.

रस्ता खुला झाल्यावर अब्बा मोटारसायकलवरून आले. दोन्ही बाजूंना पाण्याचे डबे. त्यांनी बोनेटमधून हात घालून हेडवर पालथा पंजा ठेवला, चटका बसला तसा काढला, पुन्हा ठेवला. "किसने देखा?"

थोरल्याने धाकट्याकडे बोट दाखवले, धाकट्याने थोरल्याकडे.

अब्बांनी खिशातून कागदाची पुडी काढली. हळद होती. इंजिन निवल्यावर रेडिएटरमध्ये पाणी ओतले, त्यात ती सगळी हळद टाकली आणि गाडी चालू करायला सांगितली. बारीक भोकाकडे हळद जाऊन बसते आणि फुगते. धार आधी थेंबांवर आली, मग थांबली. वडाळा नाक्यापर्यंत आम्ही तीस-पस्तीसच्या वेगाने आलो, अब्बा मागे मोटारसायकलवर. दिवा पुन्हा लागला नाही.

रात्री अम्मीने डबा उघडून विचारले, हळद कुणी नेली? आम्ही तिघेही जेवत होतो. कुणीच वर पाहिले नाही.